डब्याच्या बुडाचे चार आकडे

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला शिनोलीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात घेईल, हळदीकुंकवाला आग्रह झाला तर लाजत घेईल. पण घोडेगावच्या भर बाजारात, परक्या पुरुषासमोर? शक्यच नाही. आणि नेमकी तिथंच पंचाईत व्हायची. भांड्यांच्या दुकानाबाहेर गोणपाट टाकून सोपान बसलेला असायचा. त्याच्यासमोर नवा हंडा ठेवून बाई खाली मान घालून उभी राहायची.

"काय नाव घालू?"

"त्येंचंच."

"त्येंचं म्हंजे कोणाचं, माऊली?"

"आपल्या डोंगरावरच्या देवाचं हाय की."

एवढ्यावर सोपान समजायचा. भीमाशंकरच्या वाटेवरच्या गावांत डोंगरावरचा देव म्हणजे शंकर, त्यात विचारायचं काय? तो हंडा मांडीत आडवा घ्यायचा, छिन्नी टेकवायचा आणि बारक्या हातोडीनं ठकठक करत एकेक ठिपका उमटवत जायचा. पट्टी न लावता त्याची वरची रेघ सरळ यायची. नाव घालून झालं की बाईला वाचून दाखवायचा, तेही हळूच, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही असं. बाई पदराआड हसायची आणि हंडा उचलायची.

भांड्यावर नाव कशाला, असं शहरातला माणूस विचारेल. गावात भांडं घरी बसत नाही. लग्नाला जातं, बारशाला जातं, शेजारी कालवण घेऊन जातं, आणि परत यायचं तर नाव लागतं. शिवाय शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत. चार दाणे, मूठभर साखर, काही नाही तर दोन कांदे, पण आत काहीतरी घालूनच द्यायचं. त्यामुळे भांडी दुसऱ्याच्या घरी चार-चार दिवस मुक्काम करायची. त्या मुक्कामात ती बदलू नयेत म्हणून सोपान.

या धंद्यात माणसाला नको ते कळतं. कुणाच्या परातीवरचं पहिल्या बायकोचं नाव घासून दुसरीचं घालायचं, कुणाच्या ताटावर 'मामाकडून सप्रेम भेट' घालायचं आणि तो मामा खरा मामा नाही, कुठली पोरगी लग्न ठरायच्या आधीच आपल्या डब्यावर सासरचं आडनाव घालून मागते. सोपानला सगळं ठाऊक असे आणि त्याच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नसे. "सोपानच्या पोटात राहतं," असं बाया म्हणायच्या. शेतात त्याला फार काही नव्हतं, घर मोठं नव्हतं, दिसायलाही बेताचाच. पण हे एक वाक्य त्याची इस्टेट होती.

आता हेही सांगून टाकलं पाहिजे की सोपान गर्विष्ठ होता. तोंडानं गरीब, आतून ताठ. त्याला दोन गोष्टींचा गर्व. एक, आपलं अक्षर. दुसरी, आपण घातलेलं नाव राखेनं घासा, विटेनं घासा, जात नाही. पुढं विजेची मशीनं आली, पेन्सिलीसारखी धरून सुर्रकन नाव काढणारी, तेव्हा सोपाननंही एक घेतलं. पण लोडशेडिंगमुळे निम्मा दिवस ते मुकंच पडायचं, आणि सोपान खुशीनं पुन्हा छिन्नी काढायचा. मशीनचं नाव वरवरचं, असं तो म्हणायचा.

मग मोबाईल आले. सोपानच्या मुलानं भोसरीहून आईसाठी, साळुबाईसाठी, एक जुना फोन पाठवला. पोरगा हुशार. फोन कुणाच्या हाती लागून गैरवापर नको, म्हणून त्यानं सिमकार्डाला कुलूप घातलं होतं. फोन बंद करून चालू केला की चार आकडे मागायचा. साळुबाईनं आठवून आठवून तीनदा चुकीचे आकडे दाबले आणि कार्ड बंद पडलं. ते उघडायला सोपानला मंचरच्या दोन खेपा झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं घरातला पितळी तांब्या उपडा केला आणि बुडाला चार आकडे ठोकले.

"घे. आता इसरलीस तर तांब्या उलटा कर."

साळुबाईला एवढं नवल वाटलं की तिनं पाणवठ्यावर सांगितलं. आठवड्यात शेजारीण आली, मग तिची जाऊ, मग वरच्या आळीतले गेणभाऊ. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी चाकणला नाहीतर पुण्याला कामाला, प्रत्येकाकडे पोरांनी पाठवलेला फोन, आणि प्रत्येकाला तीनदा चुकण्याची धास्ती. कागदावर लिहावं तर कागद उंदीर खातात, भिंतीवर लिहावं तर येणारा-जाणारा वाचतो. भांड्याच्या बुडाखाली कोण बघतं? तिथं काजळी असते. दोन हजार आठच्या दिवाळीपर्यंत शिनोलीतल्या पन्नासेक घरांत कुठल्या ना कुठल्या भांड्याखाली चार आकडे होते. काहींनी तर एटीएमचेही घालून घेतले.

सोपान घोडेगावात चहा पिताना म्हणायचा, "समद्या शिनोलीचे फोन माज्या हातात हायेत, राव." लोक हसायचे. त्याला ते कौतुक वाटायचं. ज्या माणसानं वीस वर्षं एक नाव बाहेर सांगितलं नाही, त्याला ही बढाई मारताना काहीच कसं खटकलं नाही, हे पुढं त्याचं त्यालाच उमगेना.

साधना ही वरच्या आळीतल्या कुशाबाईची सून. गावची आशा सेविका. कुणाला दिवस गेले, कुणाची तपासणी कधी, कुणाला कुठल्या गोळ्या, हे सगळं तिच्याकडे. रजिस्टर होतंच, पण घरी रजिस्टर कुणीही चाळतं. म्हणून ज्या गोष्टी बाया कानात सांगायच्या, त्या ती फोनमध्ये लिहून ठेवायची आणि फोनला नि कार्डाला एकाच चार आकड्यांचं कुलूप. एकदा तिचंही कार्ड बंद पडलं आणि नेमकी त्याच दिवशी खालच्या आळीतली एक बाळंतीण तिला फोन लावत बसली. साधनाच्या मनाला ते लागलं. तरीही ती सोपानकडे आपण होऊन आली नव्हती. सोपाननंच तिला रस्त्यात गाठलं.

"समद्यांनी घालून घेतलं, साधने. तूच तेवढी राहिलीस. तुजा फोन तर कामाचा."

ती दोन दिवसांनी स्टीलचा डबा घेऊन आली. आकडे तिनं कानात सांगितले.

"निस्ते आकडे घाला, मामा. नाव नको."

"बरं."

सोपाननं आकडे घातले. मग डबा लांब धरून बघितला. एवढ्या चकचकीत बुडावर चार आकडे कसेतरीच दिसत होते, उघडेबोडके. आयुष्यात त्यानं बिननावाचं भांडं हातातून सोडलं नव्हतं. त्याला राहवेना. त्यानं आकड्यांच्या वर सुबक अक्षरात 'सौ. साधना' घातलं आणि डाव्या बाजूला बारीक 'फोन'. आता कसं, पुरं दिसायला लागलं. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं तिच्या हाती दिला.

साधनानं घरी जाऊन कागद सोडला आणि तशीच परत आली. "मामा, नाव कशापायी?"

"अगं, डबा हरवला तर कुणाचा म्हणून कळंल?"

थोरल्या माणसाशी किती वाद घालायचा? डबा तिनं फळीवर सगळ्यात मागं ठेवला. तो ती कधी बाहेर नेत नसे. पण फळी काही तिच्या एकटीची नव्हती.

या गोष्टीनंतर चार महिने गेले असतील. एका सकाळी सोपान अंगणात कानस घासत बसला होता. समोरून खालच्या आळीतली सोनीबाई आली. हातात नारळ, नारळावर खण. तिनं साळुबाईला हाक मारून दोन्ही तिच्या ओटीत घातलं आणि सोपानकडं वळून हात जोडले.

"सोपानभाऊ, तुमचे लई उपकार झाले आमच्यावर."

"माजे? कसले?"

सोनीबाई पायरीवर बसली. इकडं तिकडं बघून तिनं आवाज खाली घेतला. "त्या साधनाच्या डब्याखाली तुमीच घातलं ना? डबा कुशाबाईनं धाडला व्हता, तिच्या लेकीकडच्या नातवाच्या बारशाच्या घुगऱ्या घालून. रिकामा कसा द्यायचा, म्हणून ऱ्हायला आमच्याकडं. ती साधना दोनदा मागाया आली. म्हणलं, थांब की गं, काहीतरी गोडाचं करती आन देती. मग आमच्या सूरजनं तो पालथा केला. किती सुबक घातलंय, भाऊ. नावासकट. निस्ता आकडा असता तर आमाला वाटलं असतं, दुकानातला नंबर हाय."

सोपानच्या हातातली कानस थांबली.

सोनीबाई सांगत गेली. त्या आठवड्यात वरच्या आळीचा विजेचा डीपी जळाला होता. त्यामुळे तिकडचे सगळे फोन चार्जिंगला खालच्या आळीत यायचे; सोनीबाईच्या खिडकीत ओळीनं पाच-सहा फोन बंद करून लावलेले असायचे. त्यात साधनाचाही होता. धाकटा मुलगा सूरज, चांगला बावीस वर्षांचा, पिकअपवर ड्रायव्हर. त्यानं चेष्टेनं डबा बघून आकडे दाबले आणि फोन उघडला. आत बायांची नावं. त्यात त्याच्या थोरल्या वहिनीचं, वृषालीचं.

"आमची थोरली दोन पोरींवर थांबून बसली व्हती. मी नवस बोलती, संकष्ट्या करती, लोकांच्या तोंडाकडं बघती. आन ही बया दवाखान्यात जाऊन तांबी बसवून आली! दोन वरसं झाली. मूल व्हऊ नये म्हणून. समदं त्या फोनमधी, तारखेसकट. परवा धाडली निरगुडसरला, तिच्या बापाकडं. पोरीपण घेऊन जा म्हणलं." ती उठली. "कुणाला बोलली न्हाई मी. माहेरपणाला गेली म्हणून सांगितलंय. घरची अब्रू हाय. तुमाला सांगितलं, कारण तुमच्या पोटात राहतं."

ती गेली आणि सोपाननं कानस पिशवीत टाकली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर त्यानं खाली मान घालून ऐकल्या असत्या, त्याला तेवढं बळ होतं. पण उपकार मानायला बाई नारळ घेऊन आली! साळुबाईनं तो नारळ देवापुढं ठेवला. फोडायला सोपाननं नको म्हटलं. तो पुढं महिनोन्महिने कोनाड्यात पडून राहिला आणि आतलं पाणी आटून खुळखुळायला लागला, तरी त्याला कुणी हात लावला नाही.

वृषालीला सोपान ओळखत होता. तिच्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवरची नावं त्यानंच घातली होती. 'चि. सौ. कां. वृषाली हिस आई-वडिलांकडून'. सोळा ताटं, सोळा वाट्या, परात, घंगाळ. नवी नवरी असताना ती एकदा बाजारात त्याच्यासमोर येऊन थांबली होती आणि म्हणाली होती, "मामा, तुमचं अक्षर बघितलं की मला माजं घर आठवतं." ते वाक्य त्यानं साळुबाईला चार वेळा सांगितलं होतं. आता ते आठवलं की त्याला तोंड लपवावंसं वाटत होतं.

साधनाकडं जायला त्यानं दोन दिवस घेतले. पहिल्या दिवशी तिच्या दारावरून नुसताच पुढं गेला, उगीच ओढ्यापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या दिवशी ती दारातच बसली होती. मांडीवर रजिस्टर होतं, पण लिहीत नव्हती.

"साधने, चूक माजी हाय," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

ती रजिस्टर मिटून म्हणाली, "तिला दुसऱ्या बाळंतपणात लई रगात गेलं व्हतं, मामा. डॉक्टरांनी सांगितलं व्हतं, तीन वरसं थांबा, न्हाईतर बाई हाती लागायची न्हाई. गोकुळभाऊजींना ठाऊक व्हतं. त्येच घेऊन गेले व्हते दवाखान्यात. आन परवा आईपुढं म्हणले, मला काय ठाऊक न्हाई. जाताना तीच मला सांगून गेली."

गोकुळ म्हणजे वृषालीचा नवरा, चाकणला कंपनीत. दर रविवारी घरी यायचा. सोपानला त्याचा राग यायला हवा होता. तो आलाही. पण क्षणभरच, कारण रागावायचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न लगेच त्याच्यामागं उभा राहिला.

"डबा माजा, फोन माजा, आकडे मीच सांगितले," साधना म्हणाली. "सासूबाईंनी तो डबा धाडला, तवा मी घरात नव्हती. त्यात कुणाला दोष देऊ? आता बाया दार उघडतात, पाणी देतात, बस म्हणतात. पण सांगत काय न्हाईत. कुणी बोललं न्हाई, तरी वास लागतोच की, की माज्यापाशी सांगितलेलं फुटतं." तिनं वर बघितलं. "पण मामा, तुमाला मी म्हणले व्हते, नाव नको."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

सोपान कसाबसा म्हणाला, "मी समद्या गावाला सांगतो. असं असं झालं, आकडे खोडून घ्या म्हणून. माज्या तोंडानं सांगतो."

"काय सांगाल? कुणाचं काय झालं, त्ये सांगाल?"

खरंच की. चूक कबूल करायची म्हणजे ती बाई पुन्हा चव्हाट्यावर आणायची. गावाला अजून ठाऊक नव्हतं. जे ठाऊक व्हायचं ते त्याच्या कबुलीनं झालं असतं. आपला जीव हलका करायला तिचं ओझं वाढवायचं, एवढा काही हलकट तो नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तो पिशवीत कानस आणि पॉलिशचा कागद घेऊन घरोघर फिरायला लागला.

"भांडं द्या जरा, आकडे खोडायचेत."

"का ओ?"

"माजं काम खराब झालंय. अक्षर नीट आलं न्हाई."

लोकांना आधी चेष्टा वाटली. सोपान, ज्यानं वीस वर्षांत कुणाचा काना-मात्रा चुकू दिला नव्हता, तो म्हणतोय काम खराब झालं! कुणी म्हणालं, म्हातारा चळला. कुणी म्हणालं, नजर गेली असणार, कबूल करायची लाज वाटतेय. सोपान कुणाला खोडून काढत नसे. भांडं मांडीत घ्यायचा आणि घासत बसायचा. आपलं नाव घासून जात नाही, ही त्याचीच बढाई. ती आता त्याच्या मनगटाला कळत होती. एकेका बुडाला अर्धा अर्धा तास लागायचा.

गेणभाऊंनी तर तांब्या धरूनच ठेवला. "मग मला आकडा कसा ध्यानात ऱ्हायचा?"

"पाठ करा."

"साठ वरसाचा माणूस मी, पाठ करू?"

"करा. मी बसतो हितं." आणि सोपान खरोखर बसला. त्यानं स्वतःचे कान बोटांनी बंद करून घेतले आणि गेणभाऊंना आपले आकडे पाढ्यासारखे म्हणायला लावले. गेणभाऊंची नातवंडं हसून लोळली. सोपान मात्र हसला नाही. गेणभाऊंचे ओठ न चुकता चालायला लागल्यावर त्यानं तांब्या मांडीत ओढला. गंमत अशी की ते आकडे त्याला पाठच होते. सगळ्या गावाचे होते. ते त्याला आता विसरायचे होते आणि डोक्यातलं खोडायला त्याच्या पिशवीत काही नव्हतं.

नजर गेल्याची आवई घोडेगावापर्यंत पोहोचली. भांड्यांच्या दुकानदारानं बाहेरच्या जागेवर मशीनवाला पोरगा बसवला आणि सोपानला चहा पाजून निरोप दिला. सोपान एवढंच म्हणाला, "बरोबर हाय तुमचं." गोणपाटाची घडी करून तो घरी आला.

सगळी भांडी झाली, साधनाचा डबाही झाला. त्याच्या बुडावर नाव होतं तिथं नुसता मळकट चट्टा उरला. राहिलं फक्त निरगुडसर.

निघताना साळुबाईनं वृषालीच्या पोरींसाठी शेंगदाण्याचे लाडू करून डब्यात भरून दिले. मंचरला गाडी बदलून निरगुडसरला जाईपर्यंत सोपाननं वाक्य जुळवलं. वृषाली, माज्या हातून तुजा घात झाला, मला माफ कर. एवढंच. त्याहून जास्त त्याला बोलता आलं नसतं आणि त्याहून कमी बोलून चाललं नसतं.

वृषालीचे वडील, भगवंत, अंगणात बसले होते. त्यांनी लगबगीनं घोंगडी टाकली. "या, या, पावणं! लेकीच्या गावचं माणूस आलं." वृषाली दारात आली. तिनं सोपानला ओळखलं आणि तिथंच थांबली. सोपाननं लाडवाचा डबा पुढं केला, तो तिच्या आईनं घेतला.

"जावईबापू कसे हायेत?" भगवंतांनी विचारलं. "पोरीला महिना झाला येऊन. म्हणती, बरं वाटंना म्हणून धाडलंय. जरा आराम पडू दे, मग धाडतो."

म्हणजे तिनं आई-बापालाही सांगितलं नव्हतं. बसमध्ये जुळवलेलं वाक्य आता सोपानच्या काही कामाचं राहिलं नाही. इथं ते बोलायचं तर मागची सगळी गोष्ट बोलावी लागणार. माफी मागायला आलेला माणूस पुन्हा तेच करून जाणार. त्यानं वृषालीकडं पाहिलं. ती त्याच्याकडं टक लावून बघत होती, आणि त्या नजरेत एकच गोष्ट होती: गप बसा.

भगवंतांना काहीतरी आठवलं. "अवं, बरं झालं तुमी आला! हिच्या भावानं हिला नवा फोन घेतलाय. तुमच्या गावात म्हणं फोनचा आकडा भांड्याखाली घालून घेतात. लई ब्येस काढलंय कुणीतरी. हिचा बी तेवढा घालून द्या की. आणू का तांब्या?"

सोपानच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. त्याची कीर्ती त्याच्या आधीच निरगुडसरला येऊन बसली होती.

"त्ये काम मी सोडलं," तो म्हणाला.

"का वो?"

"माजं अक्षर चांगलं न्हाई."

"काय बोलता, पावणं! हिच्या लग्नाच्या ताटांवर तुमचंच तर अक्षर हाय. मोत्यासारखं."

सोपाननं मान खाली घातली ती वर केलीच नाही. चहा आला, तो त्यानं प्यायला. आतल्या खोलीत दोन पोरी लाडवावरून भांडत होत्या, त्यांचे आवाज येत होते. थोड्या वेळानं तो उठला.

वृषाली आतून डबा घेऊन आली. घासलेला, पुसलेला. आई मागून ओरडली, "अगं थांब, डबा रिकामा कसा देतीस? गूळ तरी घाल खडाभर."

"ऱ्हाऊ दे, आई," वृषाली म्हणाली.

"अगं पण रीत हाय ना?"

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना."

तिनं डबा सोपानच्या हातात दिला. आईला काही कळेना, भगवंतांना ओशाळल्यासारखं झालं, ते काही बोलू लागले. सोपाननं त्यांना हातानं थांबवलं.

"बरोबर हाय, पोरी," तो म्हणाला.

एस.टी.त त्याला खिडकीशेजारी जागा मिळाली. डबा त्यानं मांडीवर ठेवला. गाडी खड्ड्यातून गेली की झाकण आपटायचं. मंचर आलं तरी तो हातानं ते झाकण दाबून बसला होता.